नाका, घाट आणि कोयता

नवापूरची माणसं पेट्रोल भरायला पश्चिमेला जातात आणि पलीकडची माणसं दारू प्यायला पूर्वेला येतात. गुजरातेत इंधनावरचा कर कमी, म्हणून उच्छलच्या बाजूच्या पंपांवर महाराष्ट्राच्या पाटीच्या गाड्यांची रांग. गुजरातेत राज्य झाल्यापासून दारूबंदी, म्हणून या बाजूच्या परमिट रूमांना गुजराती गिऱ्हाईक. या देवाणघेवाणीची नोंद नंदुरबार जिल्ह्याच्या कुठल्याही आर्थिक पाहणीत सापडणार नाही. पण नवापूरच्या बाजारपेठेत दोन दिवस काढले तरी कळतं, की हद्द हा इथला मोठा धंदा आहे. त्या हद्दीवरून जाणारा रस्ता देशाच्या एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत गेलेला आहे, म्हणून तर धंद्याला एवढी बरकत.

रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३. सुरतेजवळच्या हजीरा बंदरापासून निघतो आणि ओडिशातल्या पारादीप बंदरापाशी संपतो. लांबी सुमारे १,७८० किलोमीटर. बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर, साक्री, धुळे, जळगाव, भुसावळ, मलकापूर, अकोला, अमरावती, नागपूर, भंडारा, मग राजनांदगाव, रायपूर, संबलपूर. ही नावं ओळीने म्हणता येणारा ट्रकचालक नवापुरात चहाच्या टपरीवर सहज भेटतो. २०१० पर्यंत या रस्त्याचा क्रमांक ६ होता आणि त्याचं टोक कोलकात्याला होतं. त्या वर्षी केंद्राने सगळ्या देशाचे क्रमांक नव्याने लावले. पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम आकडे, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत जाणारे. उत्तर-दक्षिण रस्त्यांना सम आकडे, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जाणारे. हिशोबाला चोख आहे. पण अजूनही जुना चालक ‘सहा नंबर’ म्हणतो आणि नंदुरबारचा माणूस ‘सुरत-धुळे हायवे’ म्हणतो. त्रेपन्न फक्त पाटीवर.

देशाची लांबी मोजणारा महामार्ग म्हटला की लोकांना श्रीनगर-कन्याकुमारी आठवतो, म्हणजे आजचा ४४ क्रमांक, जो आपल्याकडे नागपूर, हिंगणघाट, पांढरकवड्यावरून जातो. त्याला मान आहे, कारण काश्मीर ते कन्याकुमारी हे शब्द भाषणात चांगले वाजतात. हजीरा ते पारादीप कुणाच्या भाषणात येत नाही. तरीही कापड, पोलाद, कोळसा, रसायनं, डाळ आणि माणसं यांची ने-आण पाहिली तर देशाचं पोट या आडव्या रस्त्यावर चालतं.

नंदुरबार जिल्ह्याच्या वाट्याला या रस्त्याचे जेमतेम चाळीसेक किलोमीटर आले आहेत, तेही सगळे नवापूर तालुक्यात. बेडकीच्या नाक्यापासून नवापूर, मग विसरवाडी आणि पुढे कोंडाईबारीचा घाट. घाट चढला की धुळे जिल्हा. नंदुरबार शहर या रस्त्यावर नाही. शहादा, तळोदा, अक्कलकुवा, धडगाव तर नाहीतच. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या घरात होती आणि तिच्यात दर दहा माणसांत सात आदिवासी. जिल्ह्याच्या दक्षिणेच्या कडेला देशाचा एवढा मोठा रस्ता घासून जातो. तो जिल्ह्याला काय देतो आणि जिल्ह्याकडून काय घेतो, एवढाच या लेखाचा विषय.

आधी थोडं मागे जाऊ. सुरत-बऱ्हाणपूर हा मोगल काळातला हिंदुस्थानातला सगळ्यात वर्दळीचा रस्ता होता असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. सुरतेला जहाजातून उतरलेला माल आणि माणूस याच वाटेने बऱ्हाणपूर आणि पुढे आग्र्याला जाई. इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो जहांगीर बादशहाच्या भेटीला निघाला तो १६१५ च्या नोव्हेंबरात याच वाटेने, नंदुरबारवरून. पुढे झां-बाप्तिस्त ताव्हर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या आला आणि त्याने नवापूरबद्दल जे लिहून ठेवलं ते नवापूरच्या प्रत्येक शाळेत सांगायला हवं. त्याच्या लेखी हे विणकरांनी भरलेलं मोठं गाव. पण खरा व्यापार तांदळाचा. गावाजवळच्या नदीच्या पाण्यावर पिकणारा इथला तांदूळ नेहमीच्या तांदळापेक्षा बारीक, शिजला की बर्फाहून पांढरा आणि कस्तुरीच्या वासाचा. हिंदुस्थानातले उमराव दुसरा तांदूळ खात नाहीत आणि इराणात कुणाला खूश करायचं असेल तर या तांदळाचं पोतं भेट न्यावं, अशी त्याची शिफारस. ती नदी रंगावलीच असणार. भात आजही नवापूर तालुक्यात पिकतं, कारण खानदेशाच्या उरलेल्या भागाच्या मानाने इथे पाऊस भरपूर. इराणला मात्र कुणी पोतं पाठवत नाही.

जुनी वाट नवापूरहून नंदुरबारला, तिथून तापीच्या काठाने थाळनेर, चोपड्याकडे जायची. आजचा महामार्ग तसा जात नाही, तो कोंडाईबारी चढून साक्री-धुळ्याला जातो. कारण १८१८ नंतर खानदेश इंग्रजांच्या हाती गेला आणि कॅप्टन ब्रिग्जने जिल्ह्याचं ठाणं धुळ्याला केलं. मुंबई-आग्रा रस्ता धुळ्यावरून गेला, मग सुरतेचा रस्ताही धुळ्याला जोडणं ओघाने आलं. ठाणं जिथे, रस्ता तिथे. नंदुरबारचा रस्ता गेला तो असा, आणि त्याची काहीशी भरपाई तापी खोऱ्याच्या रेल्वेने १९०० च्या सुमारास केली.

त्या रेल्वेचं नवापूर स्थानक आता बातम्यांचा विषय असतं. १ मे १९६० ला दोन राज्यं झाली आणि हद्द स्थानकाच्या मधोमध गेली. तिकीटखिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तर गुजरातेत, एका बाकावर अर्धं बूड इकडे, अर्धं तिकडे. लोक फोटो काढतात, चार भाषांतल्या घोषणा ऐकतात आणि निघून जातात. गंमत म्हणून ठीक आहे. पण स्थानकावरची हद्द कुणाला अडवत नाही. महामार्गावरची अडवायची, आणि नवापूर तिच्यावर जगायचं.

हद्दीवरच्या गावाचं अर्थशास्त्र अडवण्यावर चालतं, हे मला इथे येईपर्यंत नीटसं कळलं नव्हतं. गाड्या सुसाट जात राहिल्या तर रस्त्याकडेच्या गावाला धुराशिवाय काही मिळत नाही. गाडी थांबली पाहिजे. ताव्हर्निएच्या काळात तांडे थांबत, बैलांना पाणी पाजत. पुढे विक्रीकराचा नाका आला, आरटीओचा नाका आला, बाजार समितीची, वनखात्याची तपासणी आली. ट्रकची रांग तासन् तास उभी. तेवढ्यात चालक चहा पिणार, क्लीनर टायर ठोकून पाहणार, कुणी पंक्चर काढणार, कुणी दाढी करून घेणार, शेवभाजी आणि तंदुरी रोटी खाऊन खाटेवर आडवा होणार. कागदपत्रांचे सोपस्कार करून देणारे दलाल, त्यांच्या टपऱ्या, झेरॉक्सची यंत्रं, त्यांच्यावर पोसलेली घरं. चिरीमिरीचा भाग तर होताच. सीमेवरच्या नाक्याला चिरीमिरी नाही असं म्हणणारा माणूस मला तरी ट्रकवाल्यांत भेटायचा आहे.

मग सरकारने एकेक अडथळा काढायला घेतला. राज्यभरात २२ सीमा तपासणी नाके संगणकीकृत करायचं ठरलं, त्यांत नवापूरचा बेडकीचा नाका होता. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि विक्रीकराची तपासणी एका रात्रीत संपली. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला, टोलवरचं थांबणं कमी झालं. दारूच्या दुकानांनाही एक फटका बसला. महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारू विकायची नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१६ चा निकाल १ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. काही महिन्यांत शहरी हद्दीला सूट मिळाली आणि गाडं पुन्हा रुळावर आलं. दारूचा ट्रक पकडल्याच्या बातम्या स्थानिक दैनिकांत आजही नियमाने येतात. भुशाखाली, चाऱ्याखाली, कधी भाजीच्या क्रेटखाली दडवलेला माल, आणि तोंड बहुतेक वेळा गुजरातकडे.

नाक्यावरचे अडथळे निघाले ते योग्यच झालं, यात मला शंका नाही. ट्रकने तीन तास रांगेत उभं राहावं आणि त्याच्या भाड्याचा भुर्दंड अखेर डाळीच्या किलोवर चढावा, यात शहाणपण काहीच नव्हतं. पण रस्ता वेगवान होतो तेव्हा त्याचा फायदा दोन टोकांना होतो, मधल्याला नाही, हेही तितकंच खरं. वाहतुकीच्या नियोजनात मधल्या गावाचा रकाना नसतो.

थांबण्यावाचून जे टिकलं त्यात पहिला नंबर कोंबडीचा. सुरतेसारखं खवय्यांचं शहर दोन-अडीच तासांवर, रस्ता चांगला, जागा स्वस्त, म्हणून नवापुरात पोल्ट्री फोफावली. देशाला नवापूर हे नाव कळलं तेही त्यामुळेच, आणि वाईट कारणाने. १८ फेब्रुवारी २००६ ला भोपाळच्या प्रयोगशाळेने नवापूरच्या कोंबड्यांत एच५एन१ विषाणू असल्याचं सांगितलं. भारतातला बर्ड फ्लूचा तो पहिला उद्रेक. पांढऱ्या पोशाखातली पथकं, जेसीबीने खोदलेले खड्डे, लाखो कोंबड्यांची विल्हेवाट. माणसांत लागण सापडली नाही, तरी देशभर चिकनचा भाव कोसळला. फेब्रुवारी २०२१ मध्ये तोच आजार नवापुरात पुन्हा आला आणि पुन्हा लाखो पक्षी मारावे लागले. तरीही शेड उभ्या राहिल्या. पोल्ट्रीवाल्याची हिंमत म्हणा, की दुसरा धंदा नाही म्हणून म्हणा.

दुसरा नंबर तूरडाळीचा. नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन आहे. आणि तिसरा मागांचा. वस्त्रोद्योग धोरणात महाराष्ट्राने वीजदराच्या आणि भांडवलाच्या सवलती दिल्या, तशी सुरतेची विणकाम करणारी मंडळी हद्द ओलांडून नवापूरच्या औद्योगिक वसाहतीत आली. ताव्हर्निएने विणकरांचं गाव म्हटलं होतं त्याच गावात साडेतीनशे वर्षांनी माग पुन्हा खडखडू लागले. फरक एवढाच, की मालक सुरतेचा, सूत सुरतेचं आणि कापडाची बाजारपेठही सुरतेची.

आता रस्त्याविषयी. गुजरातच्या हद्दीत चौपदरी रस्ता कित्येक वर्षं आधी झाला. बेडकी ओलांडून महाराष्ट्रात शिरलं की गाडीच्या पट्ट्या वाजू लागायच्या. ठेके दिले गेले, रखडले, रद्द झाले, नव्याने दिले गेले. भूसंपादनाचा मोबदला, वनखात्याची परवानगी, न्यायालयं, पावसाळा, अशी कारणं दरवर्षी नव्या क्रमाने सांगितली जात. याच रस्त्याच्या अमरावती-अकोला पट्ट्यात मात्र जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारच्या दोहाचा होता. अभिमानाची गोष्ट आहे. पण एकाच क्रमांकाच्या रस्त्यावर एका टोकाला तासांत मोजलेलं काम आणि दुसऱ्या टोकाला वर्षांत मोजलेलं काम पाहिलं, की विक्रम यंत्राचा होता, यंत्रणेचा नव्हता, हे ध्यानात येतं.

कोंडाईबारीचा घाट फार उंच नाही. सह्याद्रीतले घाट पाहिलेल्याला तो घाट वाटणारही नाही. धोका उंचीचा नाही, सवयीचा आहे. धुळ्याकडून येणारा ट्रक कित्येक किलोमीटर सपाटीवर पळून आलेला असतो, चालकाच्या डोळ्यांवर झापड असते आणि अचानक उतार लागतो. जुलै २०१८ मध्ये केंद्राने मालवाहू गाड्यांची वजनमर्यादा २० ते २५ टक्क्यांनी वाढवली. मालकाचा फायदा झाला, उतारावरच्या ब्रेकला ते जास्तीचं वजन पेलावं लागतं. २१ ऑक्टोबर २०२० च्या पहाटे मलकापूरहून सुरतेला निघालेली खासगी बस घाटातल्या दर्ग्याजवळच्या पुलावरून खाली कोसळली. पाच माणसं गेली, तिसाहून जास्त जखमी झाली. अशा वेळी सगळ्यात आधी धावतात ती घाटाखालच्या गावांतली माणसं. दोर, खाटा, टॉर्च जे हाताला लागेल ते घेऊन. जखमींना विसरवाडीच्या ग्रामीण रुग्णालयात आणतात, गंभीर असेल तर पुढे नंदुरबारला किंवा धुळ्याला. नंदुरबारला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झालं तेही २०२० मध्येच. पण घाटाच्या पायथ्याशी अपघातग्रस्तांसाठी सुसज्ज केंद्र हवं, ही गरज अपघातानंतर आठवडाभर बातमीत राहते आणि मग विरते.

पावसाळ्यात इथे रस्त्यापेक्षा नद्यांची भीती. ऑगस्ट २०१८ मध्ये रंगावली आणि विसरवाडीची सरपणी फुगली, पाणी घरांत शिरलं, माणसं वाहून गेली.

जमिनीचा प्रश्न इथे वेगळा आहे. सगळा नवापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला विकायची, गहाण टाकायची, भाडेपट्ट्याने द्यायची तरी जमीन महसूल संहितेच्या ३६-अ कलमाप्रमाणे परवानगी लागते. हा कायदा हवाच होता. तो नसता तर रस्त्याकडेची एकही एकर मावची किंवा कोकणी कुटुंबाकडे उरली नसती. सत्तरच्या दशकात शहाद्याकडे अंबरसिंग सुरतवंतींसारख्यांनी सावकारांकडे गेलेल्या जमिनींसाठी लढा दिला, त्याची झळ सरकारपर्यंत पोचली होती. पण सरकारलाच रस्त्यासाठी जमीन हवी असेल तर या कलमाचा काही उपयोग नाही. तिथे १९९६ चा पेसा कायदा ग्रामसभेशी विचारविनिमय करायला सांगतो, आणि विचारविनिमय म्हणजे नेमकं किती बोलणं आणि किती ऐकणं, हे ठरवणारा अधिकारी एकाच बाजूला बसलेला असतो. मोबदला मिळतो, आताशा बराही मिळतो. तो हाती आल्यावर काय होतं, ते त्या पैशातून घेतलेल्या गाड्या पाहून कळतं. त्याच गाड्या दोन-तीन वर्षांनी वित्तपुरवठा कंपन्यांच्या आवारात उभ्या दिसतात.

खानदेश आणि सुरत हे नातं मात्र रस्त्याच्याही आधीचं वाटावं इतकं घट्ट आहे. सुरतेच्या लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली भागांत गेलात तर आपण अमळनेरात आहोत की सुरतेत, असा प्रश्न पडावा. अहिराणी बोलणारी दुकानं, कळण्याच्या भाकरीचे डबे, कानबाईचे रोट. नवसारीचे खासदार आणि केंद्रीय मंत्री सी. आर. पाटील मूळचे जळगाव जिल्ह्यातले. दिवाळीत सुरतेहून धुळे, जळगावकडे निघालेल्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते. ट्रॅव्हल्सवाले भाडं दुप्पट करतात, लोक शिव्या देत देतात. ही माणसं महामार्गाचे गिऱ्हाईक आहेत, तिकीट काढतात, भांडतात, तक्रार करतात. त्यांची मोजदाद होते.

ज्यांची होत नाही ती माणसं त्याच दिवसांत उलट्या दिशेने निघालेली असतात.

दसरा झाला की नंदुरबार, साक्री, डांगच्या पाड्यांत मुकादमाची फेरी सुरू होते. दक्षिण गुजरातचे सहकारी साखर कारखाने, बारडोली, मढी, चलथाण, सायण, महुवा, गणदेवी, यांच्या उसाच्या तोडणीला हात लागतात आणि ते हात इथून जातात. मोजणी माणसांची नाही, कोयत्यांची. एक कोयता म्हणजे नवरा-बायको, किंवा बाप-लेक, किंवा दोन भाऊ. तोडणारा एक आणि मोळ्या बांधणारा, वाहणारा दुसरा. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मुकादम उचल देतो. हंगामात खाण्यापुरती ज्वारी आणि थोडे पैसे मिळतात, तेही हिशोबात धरले जातात. हंगामाच्या शेवटी मजुरीतून उचल कापली जाते, आणि बऱ्याच ठिकाणी घेतलेल्याच्या दीडपट. सहा महिने कोयता चालवून गावी परतताना हातात किती आलं, याचं उत्तर अनेक कुटुंबांत पुढच्या वर्षीची उचल हेच असतं.

यान ब्रेमन हे डच समाजशास्त्रज्ञ साठच्या दशकापासून दक्षिण गुजरातेत फिरत होते. बारडोलीच्या ऊसतोड मजुरांवर त्यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस जे लिहिलं ते आजही शिळं झालेलं नाही. त्यांचा मुद्दा सरळ होता. बारडोलीच्या आसपास हळपती शेतमजूर भरपूर होते, काम शोधत होते. तरीही कारखाने मजूर शंभर-दोनशे किलोमीटरवरून आणत. कारण बाहेरून आणलेला मजूर पडावावर राहतो, रात्री दोनला ट्रक आला की उसाच्या मोळ्या भरायला उठतो, त्याला जायला घर नसतं आणि भांडायला गाव नसतं. १९२८ चा बारडोलीचा सत्याग्रह आपण शाळेत शिकलो. तो शेतसाऱ्याविरुद्ध जमीनदार शेतकऱ्यांनी केलेला सत्याग्रह होता, हे शाळेत सांगत नाहीत, आणि त्या शेतांत राबणाऱ्याच्या मजुरीवर तेव्हाही कुणी सत्याग्रह केला नाही.

दिवाळीच्या मागेपुढे या महामार्गावर उभं राहिलं तर टोळ्या जाताना दिसतात. ट्रकच्या किंवा टेम्पोच्या हौद्यात माणसं, त्यांच्यात बांबू, ताडपत्री, पातेली, एखादी शेळी, कोंबडी पिशवीत मान बाहेर काढून. लहान मुलं बहुतेक वेळा सोबतच. मागे ठेवायला म्हातारी असेल तर ठेवतात, नाहीतर शाळेचा पट सहा महिने रिकामा. पडावावर बांबू आणि ताडपत्रीची खोपटं, पाणी शेतमालक देईल ते, संडास नाही. तोडलेल्या उसाचे वाढे विकून रोजच्या मीठ-मिरचीचे पैसे निघतात. होळीला गावी परत जायचं, हे पक्कं. होळी चुकवणारा सातपुड्यातला माणूस विरळा. कारखान्यालाही ते ठाऊक असतं, म्हणून शेवटचा हिशोब होळीच्या तोंडावर अडवून धरला जातो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा हाच रस्ता पायी चालणाऱ्यांनी भरला. महामार्गाची दोन टोकं तेव्हा अर्थ धरून उभी राहिली. सुरतेच्या यंत्रमागांवर ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातले मजूर हजारोंनी आहेत. त्यांना घरी जायचं तर पूर्वेकडे जाणारा हाच रस्ता. नवापूर-विसरवाडीच्या लोकांनी या लोंढ्याला खिचडी, पाणी, चपला दिल्या. हद्दीवर त्या दिवसांत अडवणं पुन्हा सुरू झालं, आणि पहिल्यांदाच माणसांना अडवलं गेलं, मालाला नाही.

तापी ओलांडून उत्तरेला गेलं की वेगळाच नंदुरबार. शेवाळीहून नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा, नेत्रंग असा जाणारा ७५३-बी आता राष्ट्रीय महामार्ग आहे. विसरवाडीहून नंदुरबार, प्रकाशा, शहादा, खेतियामार्गे सेंधव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरही अवजड वाहतूक वाढली आहे. म्हणजे नकाशावर जिल्हा महामार्गांनी भरला. आणि धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून बाळंतीण अजूनही बांबूच्या झोळीत घालून खाली आणावी लागते, कधी नदीपर्यंत, तिथून बोटीने. दरवर्षी एखादा फोटो राज्यभर फिरतो, मंत्री दखल घेतात. महामार्गाचं अंदाजपत्रक आणि पाड्याच्या रस्त्याचं अंदाजपत्रक वेगवेगळ्या खात्यांत असतात, हे त्या बाळंतिणीला सांगून काय उपयोग?

परत बेडकीच्या नाक्यावर येऊ. तिथे वजनकाटा आहे. आसांवर किती टन भार आहे, परवाना आहे का, विमा आहे का, हे ट्रक थांबवून पाहिलं जातं, जादा वजनाला दंड होतो. साखर, पोलाद, सिमेंट, कापड, सगळं किलोने मोजलं जातं. त्याच नाक्यावरून माणसांनी भरलेला हौदा जातो तेव्हा आत किती कोयते आहेत, किती मुलं आहेत, मुकादम कोण, कारखाना कोणता, उचल किती, हे विचारणारं तिथे कुणी नाही. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा १९७९ चा आहे. कंत्राटदाराला परवाना आणि मजुरांची नोंद त्याने तेव्हाच सक्तीची केली होती, आणि २०२० च्या कामगार संहितेत तो विलीन झाला. कायदा होऊन चाळीस वर्षं उलटून गेली तरी त्याच्यासाठी हद्दीवर एक टेबल लागलेलं नाही.

मागणी मोठी नाही. दसऱ्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत बेडकीला कामगार खात्याचा एक कारकून, आदिवासी विकास विभागाचा एक, आणि मावची, भिली, पावरी समजणारा एक दुभाषा बसवा. वहीत मुकादमाचं नाव, कारखान्याचं नाव, कोयत्यांची आणि मुलांची संख्या आणि उचलीचा आकडा लिहा. वहीची एक प्रत तापी जिल्ह्याच्या कलेक्टरला पाठवा. मुलांची नावं गुजरातच्या आणि महाराष्ट्राच्या, दोन्हीकडच्या शाळाखात्यांना द्या. नाक्याशेजारी पाण्याचा नळ आणि बायकांसाठी संडास असावा, कारण टोळ्यांच्या गाड्या रात्रीच निघतात. घाटाखाली अपघात केंद्र मागायचं ते मागायचंच. पण ते व्हायला जमीन लागेल, निधी लागेल, वर्षं जातील. वहीला फक्त वही लागते.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा टोळ्या निघालेल्या असतील. नवापूर, साक्री, नंदुरबारचे लोकप्रतिनिधी आणि जिल्हाधिकारी कचेरी यांनी यंदा नाही तर निदान पुढच्या दसऱ्याला ती वही उघडावी. आणि या रस्त्याने सुरतेला जाणाऱ्या वाचकांनी, बेडकीला गाडी थांबलीच तर, ती उघडली की नाही, एवढं विचारून पुढे जावं.